झ्लोटी नव्हे, झ्वोती. आणि तिची भावकी हळदीशी

प्रश्न असा आला: पोलंडचं 1925 सालचं ‘20 झ्लोटी’चं स्मारक नाणं सोन्याचं आहे, म्हणूनच त्या चलनाचं नाव ‘सोन्याचं’ असं पडलं का?

आधी उच्चार. बातम्यांतलं ‘झ्लोटी’ ऐकून कान किटले. पोलिशमधला आडव्या काटेचा ‘ल’ म्हणजे जवळजवळ आपला ‘व’, आणि ‘ट’ त्या भाषेत नाहीच. म्हणून झ्वोती, झ ‘झाडा’तला.

अर्थ ‘सोनेरी’, बरोबर. पण नाव जुनं आहे. डुकाट नावाच्या परदेशी सोन्याच्या नाण्याला तिथे झ्वोती म्हणत. 1496 मध्ये त्याचा भाव 30 ग्रोश (तिथली छोटी नाणी) ठरला. डुकाट पुढे महागला, हिशेबातला झ्वोती मात्र 30 ग्रोशांवरच राहिला.

खरी गंमत पुढे. स्लाव भाषांतल्या ‘झ’समोर संस्कृतात पुष्कळदा ‘ह’ येतो. पोलिश ‘झिमा’ म्हणजे हिवाळा, आपलं हिम. तसाच ‘झ्वोती’ ज्या मुळातून आला, त्यातूनच हरि (पिवळसर) आणि हिरण्य. हरितापासून आपला हिरवा, तर संस्कृत हरिद्रा, प्राकृत हलिद्दा, मराठी हळद! वॉर्साच्या बाजारातली नोट आणि सांगलीच्या बाजारातली हळद एका कुळातल्या. हरिद्रा आर्येतर भाषांतून उसनी घेतली म्हणणारा एक पक्ष आहे. पिवळ्याधमक वस्तूच्या नावात ‘हरि’ समोर दिसत असताना इतकं दूर कशाला जायचं, हे त्यांनीच सांगावं.

हां, नाणं. 1025 मध्ये पोलंडचा पहिला राजा बोलेस्वाव ख्रोब्री याला राज्याभिषेक झाला, त्याला 1925 मध्ये नऊशे वर्षं झाली, त्याचं हे नाणं. 123 वर्षं नकाशावरून पुसलेल्या देशाला ‘आम्ही कालचे नाही’ हे शेजाऱ्यांना ऐकवायचं होतं. म्हणून प्रजासत्ताकाच्या नाण्यावर मुकुटधारी राजा! 1924 मध्ये पंतप्रधान व्वादिस्वाव ग्राब्स्की यांनी 18 लाख जुन्या पोलिश मार्कांना एक झ्वोती दिला आणि त्याची किंमत 0.29 ग्रॅम सोन्याशी बांधली. नाण्यात 5.8 ग्रॅम शुद्ध सोनं आहे, 20ने भागून पाहा. रोजच्या वापरातले 1 आणि 2 झ्वोती मात्र तेव्हा चांदीचे होते. फार दुर्मीळ म्हणाल तर तेही नाही, सुमारे 27 हजार पाडली होती. पण 1925 च्या उन्हाळ्यात जर्मनीशी जकातयुद्ध पेटलं, झ्वोती गडगडला आणि नोव्हेंबरात ग्राब्स्कींनी राजीनामा दिला. कागदी झ्वोती घसरत असताना सोन्याचा झ्वोती भाजीवाल्याला कोण देणार?