नक्कल सहाबारी घेताय? सहातली पाचच काडतुसं भरा

तुम्ही टेक्सासमध्ये आहात, 1873 च्या कोल्ट या सहाबारी रिव्हॉल्व्हरची इटालियन नक्कल घ्यायची आहे, आणि कंपनी उबर्टी की पिएट्टा, काडतुसाचं माप .45 की .357 असा प्रश्न आहे. मी आधी उलट विचारतो: व्हिसा कुठला? एच-1बी वर असाल तर संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा एक अपवाद आहे, पण तो वकिलाला विचारूनच वापरा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

कंपनीवरून फार डोकेफोड करू नका. दोन्ही इटलीतल्या ब्रेशिया प्रांतातल्या, दोघींचं काम चांगलं. नावापेक्षा हातातला नग बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, दुकानदाराची परवानगी घ्या आणि हॅमर (मागचा घोडा) अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे पोचेपर्यंत सिलिंडर (काडतुसांचं फिरतं चाक) जागेवर घट्ट बसलं पाहिजे, सहाच्या सहा खान्यांना. एका खान्यालाही ते मागे रेंगाळलं तर तो नग परत ठेवा. जुना घेत असाल तर सिलिंडरभोवती ओरखड्याची गोल रेघ आहे का पाहा. हॅमर हाफ-कॉकवरूनच, म्हणजे अर्ध्यावर अडकवलेल्या जागेवरूनच, खाली सोडायची कुणाची तरी सवय त्यात दिसते.

पहिली .357 घ्या. तिच्यात .38 स्पेशल हे काडतूसही चालतं. धक्का कमी, खर्चही कमी. .45 कोल्टची ऐट वेगळी, मान्य, पण वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरत नसाल तर खिसा लवकर हलका होतो.

आता महत्त्वाचं. जुन्या धाटणीच्या नकलेत फायरिंग पिन, म्हणजे बार उडवणारी टोकदार खीळ, हॅमरलाच असते. हॅमर खाली असताना ती थेट काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकते. पिस्तूल हातातून निसटून हॅमरवर आपटलं की बार उडू शकतो. हॅमर मागे ओढताना लागणाऱ्या पहिल्या खाचेला ‘सेफ्टी’ म्हणतात, तिच्यावर विसंबू नका, ती मोडते. म्हणून हाफ-कॉकवर घेऊन गेट (काडतूस घालायचं बाजूचं झाकण) उघडा, एक भरा, एक सोडा, चार भरा, हॅमर पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून हळूच खाली आणा. हॅमर रिकाम्या खान्यावर येतो. नळी सगळा वेळ टार्गेटकडेच. अमेरिकन कंपनी रुगरने 1973 पासून आपल्या अशा रिव्हॉल्व्हरांत ट्रान्स्फर बार दिलाय, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा धक्का पिनपर्यंत न पोचू देणारी पट्टी, त्यात सहा भरता येतात. पण काउबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांत त्यातही पाचच. तेव्हा सवय पाचचीच लावा.

पुढे संग्रह वाढवावासा वाटला तर काळ्या दारूची (काडतुसाऐवजी सुटी बारूद भरायची) 1858 ची रेमिंग्टन रिव्हॉल्व्हर बघा. सिलिंडर चटकन निघतं, धुणं सोपं जातं. मात्र त्याच संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून तेल लावायचंच. जळालेल्या दारूचे क्षार ओल ओढतात. ह्यूस्टनच्या दमट हवेत तर गंज वाट बघत नाही. काळ्या दारूच्या अशा नकलांना अमेरिकेचा संघीय कायदा ढील देतो, राज्यांचे नियम वेगळे असतात. ही ढील भारतात मात्र चालत नाही. तिकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, त्यामुळे परत जाताना बॅगेत टाकायचा विचारही नको.

आणि हो, नवीन नगाचे स्क्रू बारांच्या हादऱ्याने सैल होतात. रेंजवरून आलात की तपासा, पण घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने नाही, खाचेत नेमका बसणाऱ्या बंदूकवाल्यांच्या स्क्रूड्रायव्हरने. नाहीतर स्क्रूची डोकी झिजतात आणि विकताना तेवढाच भाव पडतो.