इंदूरजवळ फॉसिल शोधायचे असतील तर घाट उतरा

तुम्ही विचारलंय की प्लॉटवर पाया खणताना गोल अंड्यासारखे दगड निघाले, ते फॉसिल असतील का आणि नसतील तर इंदूरच्या जवळपास कुठे शोधायचे. तर आधी वाईट बातमी, ती अंडी नाहीत. मी यातून गेलेय म्हणून सांगते, आमचं घर बांधत होते तेव्हा मी सातवीत होते, असाच एक दगड घासूनपुसून आणला, शाळेत डायनासोरचं अंडं म्हणून मिरवला, शेवटी आज्जीने तो धुऊन लोणच्याच्या दादऱ्यावर वजन म्हणून ठेवला. पुढच्या पावसाळ्यात त्याचा वरचा पापुद्रा निघाला, अगदी कांद्यासारखा!

आपल्या इंदूरखालचा काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात शंखशिंपले टिकणार कुठून. भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि आतला गाभा गोल राहतो, बस एवढंच.

खरी मजा धारच्या पुढे. मनावरकडे घाट उतरलात की त्या लाव्ह्याच्या खालचे जुने थर उघडे पडलेले दिसतात, आणि त्यात समुद्रातले जीव सापडतात, कारण नर्मदेच्या खोऱ्यात 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्र आत शिरला होता (हो, आपल्या माळव्याच्या पायथ्याशी समुद्र, मलाही आधी पटलं नव्हतं). चिराखान, बाग या भागात त्या समुद्रात साचलेला चुनखडीचा दगड दिसतो. मी नोव्हेंबरात गेले होते, पावसाने माती धुतलेली, पहिला तासभर काहीच दिसेना आणि मग पायाशी कोटाच्या बटणाएवढा एक सी-अर्चिन (समुद्रात राहणारा गोल, काटेरी जीव), पाठीवर पाच पाकळ्या इतक्या स्वच्छ की कोणी ठशाने उठवल्यात असं वाटावं. शिंपले तर भरपूर, नशीब असेल तर शार्कचा दातही. ओळखायला सोपं म्हणजे त्या दगडावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात, आपल्या काळ्या दगडावर ढिम्म काही होत नाही.

डायनासोरची अंडीही त्याच पट्ट्यात आहेत बरं का. 2023 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी नर्मदा खोऱ्यातली 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली, एकेक अंडं 15 ते 17 सेंटीमीटरचं. आणि पाडल्या गावात लोक असे गोल दगड शेताचा राखणदार काकड भैरव म्हणून पूजत होते, नंतर कळलं की ती खरोखरच टायटनोसॉर नावाच्या लांब मानेच्या डायनासोरची अंडी! आमच्या आज्जीने फक्त लोणच्यावर ठेवला, तिचा अंदाज जास्त बरोबर निघाला.

फक्त एक करा, हातोडी घरी ठेवा. बागजवळ डायनासोर जीवाश्म उद्यान आहे, तिथून काही उचलायचं नाही, बाकी ठिकाणीही शेतं कोणाची तरी असतात, विचारून आत जा. मी त्या बटणाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला आणि ते तिथेच ठेवून आले. तुमच्या पाया खणताना निघालेले गोल दगड मात्र फेकू नका, लोणच्याला उत्तम बसतात.