शरणपूरची मुलं आणि मोंबासाचं चर्च

प्रश्न : बाई, माझा मुलगा नोकरीनिमित्त मोंबासात असतो. यंदा त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी त्याच्या सहकाऱ्याबरोबर फ्रिअर टाऊन भागातल्या इमॅन्युएल चर्चमध्ये गेलो. मी नाशिकचा म्हटल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आमची पहिली माणसं नाशिकहूनच आली." मी हिंदू, मला यातलं काहीच माहीत नाही. हे खरं आहे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : खरं आहे. त्या आजोबांनी ही आठवण जपून ठेवली, हे वाचून मला फार आनंद झाला. मी शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढले आणि पुढे शाळेत इतिहास शिकवला. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतली माणसं पकडून, गलबतांत कोंबून, अरबस्तानाकडे विकायला नेत. ब्रिटिश आरमार अशी गलबतं समुद्रात अडवायचं आणि सोडवलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना मुंबई बंदरात उतरवायचं. त्यात लहान मुलं खूप. आईबाप कोण, गाव कुठलं, परत जायचं तर कुठे, कशाचाच ठावठिकाणा नाही. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ख्रिस्ती कुटुंबांची एक वस्ती वसवली होती. तेच आपलं शरणपूर. १८६० पासून ही आफ्रिकी मुलं तिथे येऊ लागली. लिहिणं-वाचणं शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, त्यांचे बाप्तिस्मे झाले. नावं मिळाली ती बहुतेक मिशनरी साहेबांची : कुणी प्राइस, कुणी फरार, कुणी आयझेनबर्ग. शरणपूरच्या शाळेतल्या एका मुलाचं मूळ नाव चेंग्विम्बे. तो याओ जमातीचा. जगाला तो मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून माहीत आहे. १९३५ मध्ये मोंबासात तो वारला, तेव्हा शरणपूर सोडून त्याला साठाहून अधिक वर्षं झाली होती.

आता मोंबासाकडे वळू. तिथून थोडं आत, डोंगराच्या बाजूला, रबाई नावाचं गाव आहे. १८४६ मध्ये क्राप्फ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी तिथे ठाणं मांडलं. (तुमच्या मुलाला रबाईला जायला जरूर सांगा. तिथलं जुनं चर्च आता क्राप्फ यांच्या स्मरणार्थ संग्रहालय झालं आहे.) वर्षानुवर्षं राबूनही त्यांच्याभोवती मंडळी अशी जमेना. तेव्हा १८६४ च्या सुमारास नाशिकहून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड यांना मदतीला पाठवण्यात आलं. पकडून नेलेली मुलं शिकून-सवरून, बायकांना घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परतली, आणि तीही शिक्षक म्हणून!

मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडणारे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर तुम्हाला ठाऊक असतील. ते १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या कामगिरीवर झांजिबारला गेले. नाशिकचं काम त्यांना माहीत होतं. सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत काढा आणि नाशिकच्या शिकलेल्या माणसांना तिथे घेऊन जा, असं त्यांनी सोसायटीला सुचवलं. मग प्राइस १८७४ च्या अखेरीला मोंबासात पोचले. पुढच्या वर्षी त्यांनी मोंबासा बेटासमोर, खाडीपलीकडे जमीन घेतली. तेच फ्रिअर टाऊन. नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे आफ्रिकी माणसं तिथे गेली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

तुम्ही पाहिलेलं चर्च म्हणूनच नुसतं रविवारच्या उपासनेपुरतं नव्हतं. चर्चभोवती शाळा होती, कारखाना होता, शेतं होती. गलबतातून नुकत्याच उतरलेल्या, भाषा न कळणाऱ्या, भेदरलेल्या माणसाला पहिला निवारा तिथे मिळायचा. चौकातली घंटा आजही आहे. गुलामांचं गलबत दिसलं की ती वाजवून सगळ्यांना सावध करत, असं मोंबासात सांगतात. त्या घंटेवरून त्या जागेला 'केंगेलेनी' म्हणतात. शिक्षक, दुभाषे, सुतार, प्रचारक या सगळ्या कामांना माणसं कुठली? शरणपूरची.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं, असं मी सांगणार नाही. शिकलेले असूनही बॉम्बे आफ्रिकनांना गोऱ्या साहेबांच्या बरोबरीचा मान मिळाला नाही, आणि ते त्यांनी मुकाट्यानं सोसलंही नाही. तिथल्या एका गोऱ्या अधीक्षकाच्या काळात वसाहतीत फटक्यांच्या शिक्षा इतक्या वाढल्या की प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि १८८१ मध्ये प्राइसना पुन्हा यावं लागलं. गुलामीतून सुटलेल्या माणसांवर चर्चच्या आवारात चाबूक चालावा, याचा मला आजही संताप येतो.

विल्यम जोन्स मात्र मला या सगळ्यांत मोठा वाटतो. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकन (पाळकाच्या खालची पायरी) म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाले आणि जोन्स बरोबर गेले. वाटेत बिशपांनी बहुतेक माणसं जोन्स यांच्या हवाली केली आणि मोजक्या लोकांनिशी ते पुढे गेले. ऑक्टोबरअखेर युगांडाच्या राजाच्या हुकमावरून त्यांची हत्या झाली. बातमी कळूनही जोन्स तिथेच वाट पाहत राहिले, कुणी वाचलेलं परत येईल म्हणून. मग १८८६ च्या सुरुवातीला उरलेला तांडा घेऊन ते रबाईला परतले. तांड्यापुढे एक निळा झेंडा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवलेला होता : 'ईखाबोद'. पवित्र शास्त्रात म्हणजे बायबलात, शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, देवाच्या कराराचा कोश (इस्राएलांची पवित्र पेटी) शत्रूच्या हाती पडल्यावर एक बाई मरता मरता बाळाला हे नाव ठेवते, कारण इस्राएलातून वैभव निघून गेलं. रबाईतल्या लोकांना तो शब्द वाचल्यावर वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

आणि हेच जोन्स रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा देत. मालक दारात येऊन उभे राहायचे, मिशनची बडी मंडळी काळजीत पडायची, तरी माणसं येतच राहिली. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनं मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून जास्त जणांच्या हातात मुक्ततेचे कागद पडले. फ्रिअर टाऊनचं नाव गव्हर्नरसाहेबांचं राहिलं, ते राहू दे. पण तुम्ही पुन्हा जाल तेव्हा त्या आजोबांपाशी जोन्स, सेमलर आणि डेव्हिड ही नावं काढा. आपल्या गावात शिकलेली माणसं आहेत ती.

प्रश्न : आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या लिव्हिंगस्टनचा मृतदेह त्याच्या चुमा आणि सुसी या सेवकांनी समुद्रापर्यंत आणला, असं वाचलं आहे. ते दोघे शरणपूरचेच का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : नाही, बाळ. सुसीचा नाशिकशी संबंध नाही. चुमाला लिव्हिंगस्टननं १८६४ मध्ये मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं. शरणपूरची मुलं वेगळी. त्यांतली काही १८६५ मध्येच लिव्हिंगस्टनबरोबर गेली होती. १८७२ मध्ये आणखी सहा जण त्याच्या मदतीला पोचले, त्यांत मॅथ्यू वेलिंग्टन होता आणि जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला चितांबोच्या गावात (आजच्या झांबियात) लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्यांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला तो जेकबनं, आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानंच. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून तो देह त्यांनी महिनोन् महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला. बोटीनं इंग्लंडपर्यंत सोबत गेला तोही जेकबच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

तिथल्या शिळेवर 'इमानी हातांनी' देह आणल्याचं कोरलं आहे. ते हात कुणाचे, हे शिळेवर नाही. आम्हाला रविवारच्या शाळेत खाटेशी गुडघे टेकून बसलेल्या लिव्हिंगस्टनचं चित्र दाखवायचे. ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. जेकब ज्या शाळेत शिकला तिच्या इतक्या जवळ बसूनही त्याचं नाव मात्र मी कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा ऐकलं. जेकबनं त्या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली होती आणि ती टिकली आहे. तुझ्या प्रकल्पात त्याचं नाव ठळक लिही.

प्रश्न : मोंबासाच्या चर्चच्या पाटीवर 'अँग्लिकन' असतं. आपल्याकडचं शरणपूरचं संत आंद्रिया चर्च त्याच परंपरेतलं, तर तिथे तसं का लिहीत नाहीत?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : एकेकाळी दोन्हीकडे एकच होतं. नाशिकचा वेगळा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात मेथडिस्टांची एक शाखा, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन परंपरेतले असे सगळे आले, त्यामुळे जुनं नाव गेलं. केनियात असं एकीकरण झालं नाही. उलट त्याच साली तिथलं अँग्लिकन चर्च पूर्व आफ्रिकेच्या सामाईक प्रांतातून वेगळं होऊन स्वतंत्र झालं. फ्रिअर टाऊनची पाळक घडवणारी शाळा त्याआधीच, १९३० मध्ये, लिमुरूला हलली होती. तिचं आता सेंट पॉल विद्यापीठ झालं आहे आणि तिथे सगळ्या पंथांची मुलं शिकतात.