पीएचडीच्या गाईडशी सतत खटके उडतात. चौथं वर्ष चालू आहे. गाईड बदलू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाईड आज एक सांगतात आणि दोन महिन्यांनी तेच चुकीचं ठरवतात, एका प्रकरणाचा मसुदा दहा आठवडे त्यांच्याकडे पडून आहे, आणि परवा सेमिनारमध्ये त्यांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं. या तिन्हींची मोट बांधून तुम्ही 'सरांशी पटत नाही' म्हणताय. आधी ही मोट सोडा. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

मी विद्यार्थिनी म्हणून हे सगळं भोगलंय. आता माझ्याकडेच चार जण पीएचडी करतात, म्हणजे भोगायला लावणाऱ्यांच्या जागीही बसलेय. तेव्हा थोडं तिकडचंही सांगते.

शब्द फिरवण्याबद्दल आधी. मला त्या काळात पक्की खात्री होती की आमचे सर मुद्दाम फिरवतात. मग गाईड झाल्यावर एक दिवस मी माझ्या एका विद्यार्थ्याला ठणकावून विचारलं, "चाळीस मुलाखती कशाला घेतल्यास? पंचवीस पुरे होत्या." तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा असा पडला की मी रात्री जुने मेल उघडून बसले. 'किमान चाळीस तरी घे' हे वाक्य माझंच होतं. मला ते लिहिल्याचं अजिबात आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही आठवत नाही.

तुम्ही त्या एका प्रबंधाबरोबर झोपता-उठता. गाईडच्या वाट्याला तो महिन्यातून तासभर येतो, तोही लेक्चर, पेपर तपासणी आणि कुठल्यातरी समितीची बैठक यांच्या मधल्या फटीत. दर भेटीत ते समोर जे आहे त्यावर नव्याने विचार करतात. तुम्हाला जो फिरवलेला हुकूम वाटतो, तो त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच आलेला विचार असतो. काही जण जाणूनबुजून हात झटकतात, तेही पाहिलंय. पण दोन्हींवर उपाय एकच आहे: भेट झाली की त्याच दिवशी पाच ओळींचा मेल.

'सर, आजच्या बोलण्यातून मला समजलं ते असं. तिसऱ्या प्रकरणातला तुलनेचा भाग काढायचा, मुलाखती चाळीस घ्यायच्या, पुढचा मसुदा १५ तारखेला द्यायचा. काही गैरसमज असेल तर कळवा.'

यात 'तुम्ही म्हणालात' असं कुठेही नाही, 'मला समजलं' आहे. पहिल्याला नोटिशीचा वास येतो. उत्तर बहुधा येणार नाही, न येवो. पुढच्या भेटीची सुरुवात हाच मेल मोठ्याने वाचून करायची. आणि तरीही दिशा बदलली, तर भांडायचं नाही, फक्त हिशोब समोर ठेवायचा: "मागच्या वेळी आपण चाळीस मुलाखती ठरवल्या होत्या. पंचवीस करायच्या तर नमुना कसा निवडला ते सगळं पुन्हा लिहावं लागेल, दोन आठवडे जातील. करू?" खर्च ऐकला की निम्म्या सूचना जागच्या जागी मागे घेतल्या जातात. मी स्वतः घेतल्यात.

एक सावधगिरी. काल झापलं आणि आजपासून मेल सुरू, असं केलंत तर तुम्ही पुरावे गोळा करताय असंच वाटेल. 'माझ्याच लक्षात राहत नाही म्हणून लिहून ठेवायला लागलोय' असं सांगून सुरुवात करा. थोडं खोटं आहे, चालतं.

आता पडून राहिलेला मसुदा. यात माझी स्वतःची गोष्ट लांबलचक आहे, पण सांगते.

माझं तिसरं प्रकरण सरांकडून तीनदा परत आलं. दरवेळी दोन-दोन महिन्यांनी, आणि दरवेळी वर तोच शेरा: 'यात तुझं म्हणणं काय आहे?' तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी चिडून तिन्ही प्रती खोलीत जमिनीवर शेजारी-शेजारी मांडल्या आणि पानं उलटत गेले. पेन्सिलीच्या खुणा पहिल्या प्रतीत नवव्या पानापर्यंत होत्या, दुसरीत अकराव्या, तिसरीत पुन्हा नवव्या. त्यापुढची पानं कोरी करकरीत. एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. माझं म्हणणं होतं पान ३४ वर.

सरांनी वाचलं नव्हतं, हे खरं. पण आधीच्या संशोधनाचा आढावा, मग व्याख्या, मग पद्धत, अशी तेहतीस पानांची तटबंदी बांधून मी मुद्दा आत कोंडला होता, हेही तितकंच खरं. राग आला, तो दोन दिवस पुरला. मग चौथ्या वेळी मी मसुद्यावर एक सुटा कागद लावला. प्रकरणाचा दावा एका वाक्यात. तो कशाच्या आधारावर उभा आहे ते दोन वाक्यांत. आणि शेवटी: 'या वेळी फक्त पान ३० ते ३८ पाहावीत. पुरावा पुरतो का, एवढंच हवं आहे.' प्रत सहा दिवसांत परत आली. पान ३६ च्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे आधी का नाही सांगितलंस?'

तीनदा सांगितलं होतं. पण गिळलं.

तेव्हा तुमचा मसुदा सत्तर पानांचा असेल तर त्यातली आठ पानं काढा, त्यावर असा कागद लावा आणि पुन्हा द्या. सत्तर पानं 'सवडीने वाचू' म्हणून बाजूला पडतात. आठ पानं दोन लेक्चरच्या मधल्या सुट्टीत होतात. आठवण करतानाही 'सर, वाचलंत का?' असं विचारलं की समोरच्याला फक्त ओशाळं वाटतं, आणि ओशाळलेला माणूस तुम्हाला टाळतो. त्यापेक्षा 'शुक्रवारपर्यंत सूचना आल्या नाहीत तर चौथं प्रकरण सुरू करतो' असं कळवा. काम अडत नाही. अर्थात सबमिशनच्या बाबतीत मौन म्हणजे संमती असं मुळीच धरू नका, तिथे सही लागते. आणि हे सगळं करूनही महिनोन्महिने शांतताच असेल, तर तो प्रश्न तुमच्या दोघांपुरता राहत नाही. बहुतेक विद्यापीठांत ठरावीक काळाने प्रगती पाहणारी समिती असते. तिथे तक्रारीच्या सुरात नको, 'अमुक तारखेला मसुदा दिला, प्रतिक्रिया बाकी आहे' इतकंच प्रोग्रेस रिपोर्टमध्ये लिहा. तारखा स्वतःच बोलतात.

सेमिनारमधलं झापणं. इथे नेमके शब्द महत्त्वाचे. 'ही तुलना पोकळ आहे' हे चारचौघांत ऐकायला वाईटच वाटतं, पण ते कामाबद्दल आहे. 'तुझी पीएचडी करायची लायकी नाही' हे तुमच्याबद्दल आहे. पहिल्या प्रकारचं असेल तर दोन-तीन दिवसांनी, राग निवल्यावर, एकट्याने भेटा. बोलायचं एकाच प्रसंगाबद्दल आणि मागायची एकच गोष्ट: "मंगळवारी नमुन्याबद्दल जे म्हणालात त्याची दुरुस्ती सुरू आहे. पण सगळ्यांसमोर ऐकल्यावर मला पुढचं काही सुचेना. असं काही असेल तर आधी मला स्वतंत्र सांगाल का?" चार वर्षांची उजळणी तिथे काढायची नाही. बहुतेक गाईड तुमची माफी मागणार नाहीत, ती अपेक्षाच सोडा. पण पुढच्या वेळी आवाज खाली येतो.

दुसऱ्या प्रकारचं असेल, किंवा फेलोशिपच्या कागदावरची सही अडवणं, शिफारसपत्राची धमकी, घरची कामं सांगणं, अंगचटीला येणं असं काही असेल, तर त्याला 'खटके' म्हणू नका. तिथे एकट्याने जाऊन समजूत घालायची नसते. तारीख, जागा, शब्द, हजर कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, विद्यापीठाच्या मेलवर नाही तर स्वतःच्या वहीत. मग विभागप्रमुख किंवा तक्रार समिती, आणि जाताना कोणाला तरी सोबत घ्या.

आता या सगळ्याच्या ताणाबद्दल. 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या शोधपत्रिकेत २०१८ मध्ये एक पाहणी आली होती. २६ देशांतल्या २,२७९ विद्यार्थ्यांपैकी, त्यातले बहुतेक पीएचडीचे, ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. भाग घेणारे आपणहून आले होते, त्यामुळे हे आकडे सरसकट सगळ्यांना लावू नयेत. पण तुमची झोप उडाली असेल तर ती तुमची एकट्याची नाजूकता नाही, इतकं त्यातून घ्या, आणि गाईड बदलण्याचा अर्ज लिहिण्याआधी समुपदेशकाला भेटा. झोप न झालेल्या डोक्याने मी एकदा विभागप्रमुखांना दोन पानी मेल लिहिला होता. पाठवला नाही म्हणून बचावले.

तुम्ही विचारलं नाहीये, पण चौथ्या वर्षात शोधनिबंध सुरू होतात, म्हणून लेखकांच्या नावांबद्दलही सांगते. यात मी हरलेली आहे. माझ्या एका शोधनिबंधावर माझं नाव दुसरं लागलं आणि मी विचारलं कधी, तर प्रूफ हातात आल्यावर. तोवर उशीर झाला होता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणाचे चार निकष ठरवलेत: कल्पना, आराखडा, माहिती किंवा विश्लेषण यात भरीव वाटा; लेखन किंवा मसुद्याची चिकित्सक दुरुस्ती; अंतिम मजकुराला मान्यता; आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही लागतात. नुसता निधी आणला म्हणून कोणी लेखक ठरत नाही. तुमचा विषय वेगळा असला तरी हे निकष हाताशी ठेवून, मसुद्याची पहिली ओळ लिहिण्याआधी 'नावांचा क्रम काय ठेवू या?' असं साध्या सुरात विचारता येतं. तेव्हा तो प्रश्न असतो, नंतर तोच आरोप होतो.

आरोप कुठवर जातो याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. क्षयावर गुणकारी ठरलेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ या पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या हातून सापडलं. गाईड होते सेलमन वॅक्समन. १९४४ च्या पहिल्या शोधनिबंधावर शॅट्झ यांचं नाव आधी आहे. पुढे गाईडना रॉयल्टी मिळतेय हे कळल्यावर शॅट्झ १९५० मध्ये कोर्टात गेले. तडजोडीत त्यांना सहशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीतला ३ टक्के वाटा मिळाला. १९५२ चं नोबेल मात्र वॅक्समन यांना एकट्यालाच दिलं गेलं, आणि गाईडला कोर्टात खेचणाऱ्या माणसासाठी मोठ्या प्रयोगशाळांची दारं फारशी उघडली नाहीत. रटगर्सने पदक देऊन त्यांचा गौरव केला तो १९९४ मध्ये. बाजू खरी होती, कागद हातात होते, तरी किंमत मोजावी लागली ती त्यांनाच. मी शॅट्झना चूक म्हणत नाही. त्यांच्या जागी मीही गेले असते.

आता तुमचा मूळ प्रश्न. गाईड बदलता येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या बरोबरीच्या एकीने दुसऱ्या वर्षी बदलला, कोणाला फरकही पडला नाही. दुसऱ्या एकाने पाचव्या वर्षी बदलला आणि त्याला दोन प्रकरणं टाकून द्यावी लागली, कारण त्यातली आकडेवारी जुन्या गाईडच्या प्रकल्पातली होती. म्हणून कोणालाही काही बोलायच्या आधी तीन गोष्टी गुपचूप तपासा. तुमची फेलोशिप गाईडच्या प्रकल्पातून येते का. माहितीवर हक्क कोणाचा. आणि तुम्हाला घ्यायला तयार असणारं कोणी विभागात आहे का. त्या व्यक्तीकडे जाताना 'सध्याचे सर त्रास देतात' असं सांगू नका. ती दोघं एकत्र बसून चहा पितात, आणि तुमच्याबद्दलही कोणी असंच बोलेल का, असा विचार नव्या गाईडच्या मनात येतोच. 'काम या दिशेला वळलंय, इथे तुमची मदत लागेल' एवढं पुरे.

चौथ्या वर्षात मी तरी आधी को-गाईड मागेन. वाचणारा दुसरा माणूस मिळतो, सेमिनारमध्ये शेजारी एक साक्षीदार बसतो आणि मूळ गाईडचा अपमानही होत नाही.

सेमिनारमध्ये नेमके कोणते शब्द वापरले गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'पोकळ तुलना' या जातीचे असतील तर माझं उत्तर: अजून बदलू नका, आठ पानं आणि वरचा सुटा कागद देऊन महिनाभर पाहा. 'लायकी'च्या जातीचे असतील, आणि पहिल्यांदाच नसतील, तर ते 'अजून नको' मी मागे घेते.