वाचक विचारतात : ज्युनियर आईस हॉकीचा सीझन

मागच्या अंकात आईस हॉकीबद्दल चार ओळी काय आल्या, पत्रं आणि मेसेज यायचे थांबेचनात. बहुतेक आजी-आजोबांचे आहेत, नातवंडं कॅनडात आणि हे इथे पुण्यात मोबाईलवर मॅच बघत बसलेले. काही निवडक प्रश्न घेतेय.

नातू सोळाचा, ओंटारियोत असतो. ओएचएलच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या ज्युनियर हॉकी लीगच्या, एका टीमने त्याला घेतलंय आणि आता तो घर सोडून लांबच्या गावी कुठल्यातरी अनोळखी कुटुंबात राहणार म्हणे. सून म्हणते तिकडे हे नॉर्मल आहे. मला झोप लागत नाही. शाळेचं काय? आणि हा सीझन चालतो तरी किती महिने? – एक आजी, कोथरूड

आजी, सून बरोबर सांगतेय. त्या घराला तिकडे बिलेट फॅमिली म्हणतात, टीमच घर बघून मुलाला तिथे ठेवते, जेवणखाण, झोपायच्या वेळा सगळ्यावर त्या घरच्यांचं लक्ष असतं आणि टीम त्यांना त्याचे थोडेफार पैसेही देते. आपल्याकडे अकरावीला मुलं पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहतात ना, त्यापेक्षा हे कितीतरी घरगुती आहे. तरी मुलगा सोळाचा आहे हे खरंच, त्यामुळे त्या घरच्या बाईंशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या, संकोच करू नका, तुम्हालाही बरं वाटेल आणि त्यांनाही.

आता सीझन. ऑगस्टच्या शेवटाला ट्रेनिंग कॅम्प, सप्टेंबरच्या शेवटी लीग सुरू, ती मार्चपर्यंत. ६८ मॅचेस! त्यानंतर प्लेऑफ, चार राऊंड, प्रत्येक राऊंडमध्ये चार मॅच आधी जिंकेल तो पुढे. आणि सगळ्यात शेवटी मेमोरियल कप, तिथे कॅनडातल्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगचे विजेते, म्हणजे ओंटारियोची ओएचएल, पश्चिमेकडची डब्ल्यूएचएल आणि क्विबेककडची क्यूएमजेएचएल, आणि चौथी यजमान टीम. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून आहे हा कप. म्हणजे टीम चांगली निघाली तर पोरगा थेट मेअखेरीलाच मोकळा होतो.

मॅचेस बऱ्याचशा वीकेंडला असतात, बाहेरगावची असेल तर बसने मध्यरात्री उलटून परत, आणि सोमवारी शाळा. टीमकडे अभ्यास बघायला माणूस असतो, पण बसमध्ये पुस्तक उघडायचं की नाही हे शेवटी पोरावरच असतं, ते तुम्ही फोनवर विचारत जा.

आणि आजी, एक कळकळीने सांगते, फोनवर “गोल किती केलेस?” हे पहिलं वर्षभर तरी विचारू नका. या लीगमध्ये वीस वर्षांपर्यंतचे बाप्ये खेळतात, दाढीमिशा आलेले, आणि तुमचा नातू त्यांच्यात सोळाचा. फॉरवर्ड खेळाडूंच्या तिघातिघांच्या चार लाईन असतात, नवा मुलगा सहसा चौथ्या लाईनमध्ये, साठ मिनिटांच्या मॅचमध्ये त्याला आठ-दहा मिनिटं मिळाली तरी खूप. एक शिफ्ट म्हणजे जेमतेम ४०-४५ सेकंद, जीव खाऊन पळायचं आणि कठड्यावरून उडी मारून बेंचवर, की दुसरा आत. काही रात्री तर पूर्ण ड्रेसच घालायला मिळत नाही, सूट घालून वर प्रेक्षकांत बसायचं. अशा रात्री घरून फोन आला आणि पहिला प्रश्न गोलचा आला की पोराचा घसाच दाटतो, माझ्या भाच्याचं मी बघितलंय. त्यापेक्षा “आज बर्फावर किती वेळ होतास” विचारा, “पेनल्टी किल करायला पाठवलं का” विचारा. टीमचा एक माणूस दोन मिनिटं बाहेर बसवलेला असताना कोच ज्या नवख्याला आत पाठवतो त्याच्यावर कोचचा विश्वास बसलाय असं समजायचं, स्कोअरशीटवर त्याचं नाव येवो न येवो.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी असं होतं की या लीगमध्ये एक जरी मॅच खेळली की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचा, म्हणजे एनसीएएचा, रस्ता बंद. तो नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून ही मुलंही तिकडे खेळू शकतात. शिवाय लीगची स्वतःची शिष्यवृत्ती असते, डब्ल्यूएचएलमध्ये तर खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एक वर्षाची फी आणि पुस्तकं. नातवाच्या करारात काय लिहिलंय ते मुलाला नीट वाचायला सांगा.

मॅच संपत आली, आमची टीम एका गोलने मागे, आणि आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, सरळ बाहेर जाऊन बसला! दुखापत झाली का? आणि मॅचची वेळ मध्येच कशी बदलते? – एक आजोबा, सदाशिव पेठ

काका, दुखापत नाही, डाव आहे. गोलीला बाहेर काढून त्याच्या जागी सहावा स्केटर आत घेतात, बरोबरी साधायला. गोल मोकळा पडतो म्हणून समोरच्यांनी लांबून मारला तरी आत जाऊ शकतो, पण हरणारच असू तर एकने काय आणि दोनने काय.

वेळेचं सोपं आहे, तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तोपर्यंत संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला, नंतर साडेपाचला. मार्चमध्ये परत साडेचार.

भाचीचा मुलगा दहा वर्षांचा, वरच्या टीमच्या ट्रायआऊटमधून दुसऱ्यांदा कट झाला. नोव्हेंबरचा जन्म आहे. भाची म्हणते आता हॉकी बंद. – औंध

भाचीला सांगा, थांब. कॅनडात वयोगट जन्मसालावर ठरतो, म्हणजे १ जानेवारीचा आणि ३१ डिसेंबरचा मुलगा एकाच गटात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, वजनात, रेट्यात किती दिसतो ते कुठल्याही शाळेच्या रांगेत बघा. रॉजर बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की वरच्या ज्युनियर लीगमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं कितीतरी जास्त असतात. मोठ्या दिसणाऱ्यांना निवडतात, मग त्यांनाच चांगला कोच आणि बर्फावर जास्त वेळ, आणि ती अजून पुढे जातात. मला हा सगळा प्रकार फार अन्यायाचा वाटतो. खालच्या टीमला खेळू दे, तिथे त्याला पक, म्हणजे स्टिकने मारायची ती रबरी चकती, जास्त मिळेल.

टक्कर मारतात, मारामारी होते, मानेला ब्लेड लागून एक खेळाडू गेला असं वाचलं. नातीला खेळू द्यावं का? – चिंचवड

वाचलंत ते खरं आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये अॅडम जॉन्सन या खेळाडूचा मानेवर स्केटचं पातं लागून मृत्यू झाला. त्यानंतर नेक गार्डची सक्ती बऱ्याच ठिकाणी आली. कॅनडाच्या लहान वयोगटांत तो लागतोच, चेहराभर जाळीही लागते, आणि तेरा वर्षांखालच्या गटापर्यंत बॉडी चेक, म्हणजे अंगाने धडक, मारायला बंदी आहे. मारामारीवर क्यूएमजेएचएलने २०२३-२४ पासून कडक नियम केला, भांडलात की त्या मॅचमधून थेट बाहेर. खेळू द्या, फक्त नेक गार्ड गळ्यावर घट्ट बसतोय ना ते दर सीझनला बघा, मुलं वाढतात आणि तो तोकडा पडतो.

मुलगी नऊ वर्षांची, इनलाईन स्केटिंग छान करते, आता आईस हॉकीच हवी म्हणते. पुण्यात कुठे शिकवतात? – एक आई, सहकारनगर

पूर्ण मापाची बर्फाची रिंक पुण्यात नाही, त्यामुळे सुरुवात इनलाईन हॉकीनेच करा, गोली धरून पाच जणांची टीम असते, ऑफसाईड नसतो, आणि स्टिक हातात बसायला याहून चांगलं काही नाही. बर्फावर गेल्यावर तिला पळायला त्रास होणार नाही, वळायलाही फारसा नाही. त्रास होईल तो थांबायला! चाकांवर मुलं एक पाय मागे आडवा घासत थांबतात, बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे टाकून पात्याच्या कडेने बर्फ खरवडत थांबायचं असतं. पातं मधून पन्हळीसारखं खोलगट असतं, त्यामुळे प्रत्येक स्केटला दोन धारा, आतली आणि बाहेरची. घरी गाद्यांवर मोजे घालून एका पायावर गुडघा वाकवून उभं राहायची सवय आत्तापासून लावा.

खऱ्या बर्फासाठी डेहराडूनची हिमाद्री रिंक आहे, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, मग कितीतरी वर्षं बंद पडून होती, २०२५ मध्ये परत चालू झाली. आणि जानेवारीत लेह. खेलो इंडियाची आईस हॉकी तिथेच होते. आपल्या मुलींच्या टीमने २०२५ च्या महिला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, त्यात बहुतेक लडाखच्या पोरी, तळं गोठलं की त्यावर शिकलेल्या. लेहला न्याल तर ३५०० मीटर उंची आहे हे लक्षात ठेवा, पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस नुसती विश्रांती, स्केट बॅगेतच राहू देत. आणि स्केट विकत घेताना “वाढत्या अंगाचे” म्हणून दोन नंबर मोठे अजिबात घेऊ नका, घोटा आत हलला की धार बर्फाला लागतच नाही.