गुणवत्ता मंडळाची पहिली बैठक घेताना

वाळूजच्या कारखान्यात आपण प्रथमच गुणवत्ता मंडळाची (क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी सोडवण्यासाठी एकत्र बसणारा एकाच विभागातील कामगारांचा छोटा गट) बैठक घेणार आहात, तर सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळाव्यात. समस्या आकड्यासह फळ्यावर लिहावी. ‘माल खराब येतो’ असे न लिहिता दुसऱ्या पाळीत कोणत्या मशिनवर, कोणत्या मापात किती नग नाकारले गेले, हे लिहिले की निम्मी वादावादी तिथेच थांबते. दुसरे, कारणे मांडून होईपर्यंत उपायाची चर्चा होऊ देऊ नये; त्यासाठी जपानी गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती (डोक्याशी समस्या, काट्यांवर कारणे) पुरेशी आहे, आणि ऑपरेटरला आधी बोलू द्यावे, कारण साहेब बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. ‘कामगाराचे दुर्लक्ष’ हे कारण आले, तर तिथे न थांबता पुन्हा ‘का?’ विचारावे. संख्याशास्त्रीय साधने तूर्त बाजूला ठेवावीत. उठण्यापूर्वी प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहावी. ‘मेंटेनन्स विभाग’ एवढे लिहून भागत नाही.