मांड्या लांब असल्या की स्क्वॉटमध्ये धड पुढे झुकणारच का?

सहा महिने खुब्याचे स्ट्रेच करूनही स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठताना, तुमची छाती पुढे झुकते, ट्रेनर ‘छाती वर’ म्हणत राहतो आणि ती वर केली की तुम्ही मागे पडायला लागता, असं तुम्ही लिहिलंय. या मागे पडण्यातच उत्तर आहे. तुमचं शरीर तोल सांभाळण्यासाठी झुकतंय.

बार पावलाच्या मध्यावर राहिला नाही तर तोल जातो. मांडीचं हाड धडाच्या मानानं लांब असेल तर खाली बसताना ढुंगण जास्त मागे जातं, आणि बार जागेवर ठेवायचा तर धडाला पुढे यावंच लागतं. आखूड मांड्यांचा माणूस तितकाच खाली बसूनही ताठ दिसतो. कागदावर नडगी, मांडी आणि धड अशा तीन रेघा काढा आणि मांडीची रेघ लांबवून बघा, लगेच पटेल.

म्हणून झुकण्याला घाबरू नका. बघायचं ते वेगळंच: झुकलेली पाठ सरळ राहते की कंबरेत गोल होते? वर येताना ढुंगण आधी उचललं जातं आणि बार नंतर वर येतो का? तसं होत असेल तर वजन कमी करा.

पायांतलं अंतर वाढवून चवडे आणि गुडघे बाहेर वळवले तर बराच फरक पडतो. मांडी ४५ सेंमी धरली आणि ती ३० अंश बाहेर वळवली, तर पूर्ण खाली बसल्यावर बाजूनं ती सुमारे ३९ सेंमीच दिसते. म्हणजे ढुंगण साधारण ६ सेंमी कमी मागे जातं.

पण किती वळवता येईल हे खुबा ठरवतो. हा उखळीचा सांधा. उखळीची खोली, तिच्या तोंडाची दिशा, मांडीच्या हाडाच्या मानेचा पीळ, सगळं माणसागणिक वेगळं असतं. कित्येकदा एकाच माणसाचे डावा-उजवा खुबासुद्धा सारखे नसतात. मी स्वतः वर्षभर पाय जवळ ठेवून, चवडे सरळ ठेवून खोल बसायचा हट्ट धरला होता. जांघेत पुढच्या बाजूला चिमटा बसायचा. मला वाटायचं स्नायू आखडलाय, म्हणून आणखी ताणायचो, आणि दुखणं वाढायचं. पाय रुंद केले त्या आठवड्यातच चिमटा गेला. ते वर्ष वाया गेल्याचं मला अजूनही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहितोय.

ताण स्नायूचा आहे की अडचण सांध्याची, हा फरक घरी ओळखता येतो. पाठीवर झोपून एक गुडघा छातीकडे ओढा. ढुंगणात किंवा मांडीच्या मागे ताण जाणवला तर तो स्नायूंचा, सरावानं सैल होईल. जांघेत पुढे टोचलं तर तिथे रेटू नका; गुडघा जरा बाहेर नेऊन पुन्हा बघा. मग दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकून ढुंगण टाचांकडे न्या. गुडघ्यांमधलं अंतर बदलत राहा. ज्या अंतरावर कंबर सर्वांत उशिरा गोल होते, स्क्वॉटमधली तुमची जागा त्याच्या आसपास आहे. टोचणं टिकलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

घोटाही तपासा. चवडा भिंतीपासून १० सेंमीवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? लागत नसेल तर गुडघा पुढे जात नाही आणि सगळा भार खुब्यावर येतो. उंच टाचेचे लिफ्टिंग शूज इथे खरंच उपयोगी पडतात. त्यांची टाच साधारण २ सेंमी असते.

बार मानेजवळ ठेवायचा की खांद्यांच्या मागे खाली, हे दोन्ही करून बघा. खाली ठेवल्यास तुम्ही आणखी झुकाल, तरी लांब मांड्यांच्या पुष्कळ जणांना तेच सोयीचं वाटतं.

आणि हात लांब असतील तर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं, मन लावून शिका. पाठीच्या कण्याला बाक असलेल्या अमेरिकी पॉवरलिफ्टर लामार गँट यांनी १९८५ मध्ये आपल्या वजनाच्या पाचपट, ६० किलोच्या गटात ३०० किलो उचलले होते. त्यांचे हात इतके लांब होते की बार फार वर न्यावाच लागत नसे.